पाच एमबीच्या आत

"गेलं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी माऊसवरचा हात उचलला.

त्यांच्या टेबलाभोवती कोंडाळे करून उभ्या असलेल्या चौघांनी एकदम श्वास सोडला. शाखाधिकारी साहेबांनी तर कपाळावरून रुमालही फिरवला, कारण सगळ्यात जास्त मेहनत त्यांचीच झाली होती. पंधरवडाभर ते रोज सकाळी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन "झालं का?" असे विचारत होते. अशा कामाचा थकवा लवकर दिसत नाही, पण आतून माणूस पोखरला जातो. साहेबांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत अहवाल परत आला.

"काय म्हणतंय?" साहेबांनी विचारले.

"फाइल मोठी आहे म्हणतंय. हेड ऑफिसला पाच एमबीच्या वर चालत नाही."

"आपली किती आहे?"

ताईंनी पाहिले. "चौऱ्याहत्तर."

"थोडक्यात हुकलं," विक्रीप्रमुख म्हणाले. हातून गेलेल्या प्रत्येक ऑर्डरबद्दल ते हेच म्हणत.

ही कंपनी वजनकाटे तयार करायची. औषधवाल्याच्या चिमुकल्या काट्यापासून अख्खा ट्रक चढवायच्या काट्यापर्यंत सगळे. ही शाखा ते विकायची, बिघडले की दुरुस्त करायची आणि पुन्हा बिघडतील अशा बेताने परत द्यायची. आता हेड ऑफिसला असा साक्षात्कार झाला होता की एका शहराला दोन शाखा जास्त होतात. इथले कोणते काम इथेच व्हायला हवे याचा अहवाल आज ऑफिस सुटायच्या आत ईमेलने आला नाही, तर ही शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शाखेत विलीन होणार होती.

त्या शाखेत शाखाधिकारी आधीच एक होता, त्यामुळे साहेबांसाठी हा अस्तित्वाचा प्रश्न होता. विक्रीप्रमुखांसाठी तो इभ्रतीचा होता, कारण त्या शाखेतला विक्रीप्रमुख त्यांच्या हाताखाली शिकून गेलेला होता. ताईंचा प्रश्न त्या मानाने अगदीच किरकोळ. त्यांचे वडील, म्हणजे अण्णा, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत खाटेवर पडून होते. डावे अंग गेले होते आणि जीभ शाबूत होती. रोज दुपारच्या सुट्टीत ताई घरी जाऊन त्यांना भरवत, कुशीवर वळवत आणि परत येत. अण्णांना सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका आपल्या पायांनी निघून गेल्या होत्या आणि ताईंच्या हातूनच खाईन, नाहीतर खाणार नाही, असा अण्णांचा ठराव होता. शहराच्या त्या टोकाहून दुपारी घरी येणे शक्य नव्हते. म्हणजे शाखा गेली की ताईंची नोकरी तरी जाणार, नाहीतर अण्णांचे जेवण तरी.

"पण एवढी मोठी झालीच कशी?" साहेब म्हणाले. "तुम्ही टाइप केलात तेव्हा केवढी होती?"

"टाइप केलेली एवढीशी होती साहेब. एक एमबीसुद्धा नाही. फोटो घातल्यावर थोडी वाढली. स्कॅन केल्यावर ही अशी."

स्कॅन हा या ऑफिसातला जिव्हाळ्याचा विषय होता. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला चुकीच्या दराचा ईमेल गेला होता आणि चौकशी झाली तेव्हा तो कुणीच पाठवला नव्हता असे निष्पन्न झाले. तेव्हापासून साहेबांनी नियम घातला होता. ऑफिसातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद आधी छापायचा, त्याच्या प्रत्येक पानावर चारही प्रमुखांनी सही करून शिक्का मारायचा, मग तो स्कॅन करायचा आणि मगच ईमेलने धाडायचा. स्कॅनही रंगीत, म्हणजे सही शाईनेच केलेली आहे हे पाहणाऱ्याला कळावे. चार प्रमुख म्हणजे साहेब, विक्रीप्रमुख, अकाउंटंट आणि दुरुस्ती विभागाचे काटेमास्तर. पत्रव्यवहार विभागाला प्रमुख नव्हता. त्या विभागात ताई एकट्याच होत्या आणि माणूस स्वतःचाच प्रमुख होऊ शकत नाही, असे साहेबांचे मत होते. साहेबांकडे पाहून ते कुणालाही पटले असते.

"बघू इकडं," काटेमास्तर म्हणाले. त्यांनी छापील अहवाल उचलला, दुरुस्तीला आलेल्या टेबलकाट्यावर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिले. "तीनशे चाळीस ग्रॅम. यात काय जास्त आहे? याच्यापेक्षा माझा रिकामा डबा जड भरेल."

"मास्तर, ते वजन वेगळं. हे कॉम्प्युटरमधलं."

"ताई, वजनात दोन जाती असतात हे मला सांगू नका. आमचं पोट त्याच्यावर चालतं. हलकं करायचंय ना? पातळ कागदावर छापा."

हे हास्यास्पद आहे असे ताईंना वाटले आणि हे फार छान आहे असे साहेबांना वाटले. ऑफिसात कोणते वाटणे अमलात येते हे सांगायला नको. टाइपरायटरच्या काळात कार्बनखाली घालायचा पातळ कागद कपाटाच्या तळाशी अजून पडून होता. तो झटकून अहवाल पुन्हा छापला गेला. चौघांनी पुन्हा पानापानावर सह्या केल्या, शिक्के मारले. काटेमास्तरांनी पुन्हा वजन केले तर ते निम्म्याहून कमी भरले, आणि विक्रीप्रमुखांनी त्यांची पाठ थोपटली. ताईंनी स्कॅन केले.

"एक्याण्णव," त्या म्हणाल्या.

"उलटं वाचताय का?" अकाउंटंटनी विचारले.

"एक्याण्णव उलटं वाचलं तरी एकोणीस होतात, पाच नाही होत. कागद पातळ आहे ना, खालच्या पानावरचे शिक्केसुद्धा वरून दिसतायत. शिवाय पिवळे डाग. एका पानात दोन पानं वाचतोय बिचारा स्कॅनर."

काटेमास्तर काट्याकडे संशयाने पाहू लागले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि पुढचा अर्धा तास काटा उघडून बसले. दोष कॉम्प्युटरात असूच शकत नाही असे नव्हे, पण कॉम्प्युटर त्यांना उघडता येत नव्हता.

आता सूत्रे अकाउंटंटच्या हाती आली. अकाउंटंट हा आकड्यातला माणूस. त्यांनी शांतपणे सांगितले की आकार कमी करायचा असेल तर आकारच कमी करावा लागेल. झेरॉक्स मशीनवर चार पानांचे एक पान होते. तसे करून स्कॅन केले की फाइल एक चतुर्थांश. त्यात काय अवघड आहे?

अवघड काहीच नव्हते. अक्षरे मुंग्यांएवढी झाली, पण ती वाचायची आहेत असे कुणाच्याच डोक्यात नव्हते. अडचण आली ती सह्यांची. साहेबांनी एक पान डोळ्यांजवळ नेले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही माझी सही?"

"हो साहेब, लहान झालीय."

"अहो, पण किती? हेड ऑफिसला काय वाटेल? हा शाखाधिकारी आहे का पोस्टाचं तिकीट?"

तेव्हा लहान झालेल्या सह्यांवरून चौघांनी पुन्हा पूर्ण आकाराच्या सह्या केल्या आणि शिक्के मारले. जागा आता चौथाईच उरल्यामुळे विक्री विभागाची सगळी कामगिरी दुरुस्ती विभागाच्या शिक्क्याखाली गेली. काटेमास्तर म्हणाले की प्रत्यक्षातही तसेच आहे. यावर थोडी बाचाबाची झाली. मग स्कॅन झाले.

"अडुसष्ट."

"बघा," अकाउंटंट समाधानाने म्हणाले. "सहा कमी झाले. असंच अजून दहा-अकरा वेळा केलं की आपण पाचाच्या आत."

"पण तोवर पानावर दिसेल काय?" ताईंनी विचारले.

"सह्या दिसतील."

"मग काय हरकत आहे?" साहेब म्हणाले.

ताईंनी घड्याळ पाहिले, पदर खोचला आणि जेवून येते म्हणून त्या निघाल्या. अहवाल तरंगो नाहीतर बुडो, अण्णांना उशीर चालत नसे.

अण्णा छताकडे पाहत पडले होते. छत त्यांना पसंत नव्हते.

"आज उशीर."

"नाही हो अण्णा. रोजच्याच वेळेला आलेय."

"मग भूक लवकर लागली असेल. तोंड का असं?"

ताईंनी त्यांची उशी नीट केली, गळ्याखाली टॉवेल लावला आणि भात कालवता कालवता सगळे सांगितले. फाइल मोठी आहे, पाठवता येत नाही, संध्याकाळपर्यंत गेली नाही तर त्या टोकाला जावे लागेल. अण्णांनी पहिला घास सावकाश चावला. चावताना ते बोलत नसत. माणसाने एका वेळी एकच काम करावे, असे त्यांचे मत होते आणि आता ते त्यांना सक्तीने पाळावे लागत होते.

"किती माणसं बसलीत त्यावर?"

"चार. आणि मी."

"चारांनी मिळून एक गोष्ट लहान केलेली मी तरी बघितली नाही. आपल्या घराच्या वाटण्या आठव. तुझे चार काका. घर लहान झालं, भांडण मोठं झालं." अण्णांनी दुसऱ्या घासासाठी तोंड उघडले आणि मिटले. "आणि ते टोकाचं झालं तर?"

"तर बघू काहीतरी. शेजारच्या मावशींना विचारू दुपारचं येता का म्हणून."

"ती बाई भरवते का खड्डा बुजवते, कळत नाही. त्यापेक्षा मी उपास करीन. नाहीतरी म्हाताऱ्या माणसानं कमीच खावं." असे म्हणून त्यांनी तोंड उघडले आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्त खाल्ले. ताईंनी त्यांना कुशीवर वळवले. दार ओढून घेताना आतून आवाज आला, "तू एकटी बसून कर गं ते. जमेल."

ताई परतल्या तेव्हा ऑफिसात चैतन्य पसरले होते. विक्रीप्रमुखांनी जावयाला फोन लावला होता. जावई कॉम्प्युटरमधला होता, म्हणजे नेमके काय करत होता ते सासऱ्यांना लग्नाच्या आधीही कळले नव्हते आणि नंतर विचारायची चोरी झाली होती. पण जावयाने एका वाक्यात उपाय सांगितला. एका वेबसाइटवर फाइल टाकायची, ती कॉम्प्रेस करून देते, म्हणजे दाबून लहान करून देते. फुकट.

"फुकट?" अकाउंटंट म्हणाले. "मग त्यात काहीतरी आहे."

ताईंनी सकाळची चौऱ्याहत्तरची फाइल त्या वेबसाइटवर टाकली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि पाचही जण त्याच्याकडे एकटक पाहत राहिले. या ऑफिसात सगळ्यांनी मिळून एकाच गोष्टीकडे इतका वेळ लक्ष दिल्याचे दुसरे उदाहरण नव्हते. गोल थांबला.

"चार पॉइंट सहा," ताई म्हणाल्या.

विक्रीप्रमुखांनी कॉलर ताठ केली. जणू जावई त्यांनीच तयार केला होता. ताईंनी ईमेल उघडला, फाइल जोडली आणि त्या पाठवणार एवढ्यात साहेब म्हणाले, "अहं. छापा आधी."

"कशाला साहेब?"

"सह्या नकोत का?"

"सह्या आहेत की. हे बघा. आतच आहेत, प्रत्येक पानावर."

"त्या सकाळच्या अहवालावरच्या. हा नवीन आहे. लहान."

"साहेब, तोच आहे. दाबलाय फक्त."

"दाबलेल्या कागदावर सही नसेल तर उद्या कुणी दाबला म्हणून विचारतील. तेव्हा कोण पुढं येणार आहे?" साहेबांनी बाकीच्या तिघा प्रमुखांकडे पाहिले. तिघेही मागे झाले. "बघितलंत? आणि हा दिसतोय तो सहीचा फोटो झाला. सहीचा फोटो म्हणजे सही नव्हे."

"मग स्कॅन म्हणजे काय असतं साहेब?"

साहेबांनी पेपरवेट एकदा डावीकडून उजवीकडे ठेवला.

"स्कॅन म्हणजे स्कॅन," ते म्हणाले.

चार पॉइंट सहाची फाइल छापली गेली. छापल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीला आली. दाबल्यामुळे फोटोंचे चौकोन चौकोन झाले होते. प्रस्तावनेसोबतच्या फोटोत साहेब कानाला फोन लावून बसलेले होते. आता तो चोरीच्या बातमीत चेहरा झाकून दाखवतात तसा कुणी इसम दिसत होता. "हा मी नाही," साहेब म्हणाले. पण हा आपणच आहोत अशी सही त्यांनी खाली केली, बाकीच्यांनीही केल्या, शिक्के बसले, आणि ताईंनी रंगीत स्कॅन केले.

"बहात्तर."

"जावयात दम नाही," काटेमास्तर म्हणाले.

ऑफिस सुटायला आता फार वेळ राहिला नव्हता. साहेबांनी सर्वांना केबिनमध्ये बोलावले आणि त्यागावर चार शब्द सांगितले. शाखा टिकली तर आपण टिकू, म्हणून प्रत्येकाने आपल्या विभागाची काही पाने आपणहून कमी करावीत. एकदम सगळे टेबलावरच्या काचेत पाहू लागले. अहवालात विक्री विभागाची फीत कापण्याच्या समारंभांची पाने होती. एका समारंभात फीत कापून झाल्यावर कॅमेरावाला पोचला होता म्हणून ती गाठ मारून पुन्हा कापली होती, ते दोन्ही फोटो होते. अकाउंटंटचे सात रंगांतले तक्ते होते. काटेमास्तरांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो होता. दोन्ही फोटोंत काटा तसाच दिसत होता, पण नंतरच्या फोटोत शेजारी मास्तर उभे होते. शिवाय साहेबांची पाच पानी प्रस्तावना, जी त्यांच्या जन्मापासून सुरू व्हायची. पत्रव्यवहार विभागाचे पान होते, एक, शेवटी. ते अहवालात आहे याची कुणाला आठवण नव्हती.

"माझं एकही पान काढण्यासारखं नाही," अकाउंटंट म्हणाले. "पण एक लक्षात घ्या. पान घालायचं असलं की सह्या लागतात. काढायचं असलं तर नियमात सही कुठंच नाही. उरलेली पानं सही झालेलीच असतात."

हे सगळ्यांनी नीट ऐकले.

ताई टेबलाशी येऊन बसल्या न बसल्या तोच अकाउंटंट पाणी प्यायच्या निमित्ताने आले. पाण्याचे भांडे हातात घेऊन ते खाली वाकले. "ताई, त्या फितींचं काढा सगळं. कात्रीचे फोटो हेड ऑफिसला कशाला? मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका."

ताईंनी विक्री विभाग काढला. बहात्तरचे एकदम पन्नास झाले. त्यांना बरे वाटले.

अकाउंटंट जाताच विक्रीप्रमुख आले. "ताई, तुम्ही घरच्यासारख्या म्हणून बोलतो. ते रंगीत तक्ते कुणाला कळतात का? मला विचाराल तर त्यांनाही कळत नाहीत. उडवा. आणि आपल्यातच राहू द्या."

ताईंनी तक्ते उडवले. अठ्ठावीस राहिले.

मग साहेबांनीच केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतले. "मास्तर जुना माणूस आहे, त्याला दुखवायचं नाही मला. पण दुरुस्तीचे फोटो दाखवले की आपले काटे बिघडतात असंच दिसतं. काढा. मी काही बोललो नाही."

दुरुस्ती विभाग गेला. फाइल साडेआठवर आली आणि ताई थांबल्या. आता उरली होती साहेबांची प्रस्तावना आणि त्यांचे स्वतःचे एक पान. प्रस्तावना अर्धी ठेवावी का, असे त्यांच्या मनात आले. पण ती अर्ध्यात तोडली असती तर साहेबांची बढती हुकली तिथेच अहवाल संपला असता. त्या विचार करत होत्या तोवर काटेमास्तर आले, स्टुलावर बसले आणि हात पुसत म्हणाले, "पोरी, स्पष्ट बोलू का? ती प्रस्तावना काढून टाक. साहेब कुठं जन्मले त्याच्यावर शाखा चालत नाही. माझं नाव घेऊ नकोस. रिटायर व्हायचंय मला नीट."

मास्तर उठून गेल्यावर ताईंनी मान वर करून पाहिले. साहेबांनी पुन्हा एकदा चहा सांगितला होता आणि चौघेही कप हातात घेऊन एकमेकांशी विलक्षण प्रेमाने बोलत होते. अकाउंटंटनी विक्रीप्रमुखांना मुलाबाळांची खुशाली विचारली. साहेबांनी काटेमास्तरांना स्वतःची खुर्ची दिली. ज्याचे आपण नुकतेच काहीतरी काढून घेतले आहे, त्याच्याशी माणूस इतके चांगले वागतो की त्यासाठी तरी अधूनमधून काढून घ्यावे.

चौघांना एकत्र बोलावून नेमके काय उरले आहे ते सांगावे, असे ताईंच्या मनात आलेच नाही असे नाही. पण चौघांनीही कुणाला सांगू नका असे सांगितले होते, आणि सांगितलेले काम चोख करणे हाच पत्रव्यवहार विभागाचा लौकिक होता. शिपाई खिडक्या लावू लागला होता. अण्णांनी खाल्लेले ते दोन जास्तीचे घास ताईंच्या डोळ्यांसमोर आले. त्यांनी प्रस्तावना काढली.

फाइल दीड एमबीची झाली. त्यांनी पाठवली. पडद्याकडे पाहत त्या बसून राहिल्या. ती परत आली नाही.

"गेलं," त्या म्हणाल्या.

"पूर्ण?" साहेबांनी कप खाली ठेवत विचारले.

"पाच एमबीच्या आत होतं तेवढं पूर्ण गेलं साहेब."

"शाब्बास," साहेब म्हणाले आणि ओशाळलेल्या नजरेने काटेमास्तरांकडे पाहून हसले.

हेड ऑफिसचे उत्तर महिन्याच्या आत आले. ते ताईंनी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी ते मोठ्याने वाचायला घेतले, पण दुसऱ्या परिच्छेदापासून त्यांचा आवाज लहान होत गेला. हेड ऑफिसने लिहिले होते की आकाराची मर्यादा पाळून आलेला आपला अहवाल वाचून समाधान वाटले. गिऱ्हाइकांची विक्रीची विचारणा, दुरुस्तीची तक्रार आणि बिलाचा घोळ, असे सगळे पत्रव्यवहार विभागाकडे येते आणि तोच ते निस्तरतो, हे अहवालावरून स्पष्ट होते. त्या विभागाखेरीज शाखेत दुसरे काही चालत असल्याचे अहवालात कुठे आढळले नाही, आणि चारही प्रमुखांनी सही-शिक्क्यानिशी त्याला एकमताने दुजोरा दिलेला आहे. स्वतःबद्दल इतक्या प्रामाणिकपणे कळवणारे प्रमुख क्वचितच पाहायला मिळतात. तेव्हा पत्रव्यवहार विभाग आहे तिथेच ठेवून दोन्ही शाखांचे काम त्याच्याकडे देण्यात येत आहे. बाकी सर्वांनी पुढल्या महिन्यापासून दुसऱ्या शाखेत हजर व्हावे.

बराच वेळ कुणी कुणाकडे पाहिले नाही. प्रत्येकजण मनात एक वजाबाकी करत होता, आणि आपण वजा केलेले सोडून बाकीचे कुणी वजा केले हे कळायला कुणालाच तक्त्याची गरज नव्हती.

"यात माझे तक्ते कुठायत?" अखेर अकाउंटंटनी विचारले.

"फितींच्या जवळच असतील कुठंतरी," विक्रीप्रमुख म्हणाले.

"आणि प्रस्तावना?" साहेबांनी काटेमास्तरांकडे रोखून पाहिले. काटेमास्तरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, बघितला आणि परत ठेवला.

"शेवटी लिहिलंय साहेब," ताई हळूच म्हणाल्या. "अपील करता येतं. आठवड्याच्या आत."

साहेबांच्या अंगात पुन्हा प्राण आला. अपील करायचे. सविस्तर, सगळ्या विभागांसह, फोटोंसह. तीन दिवसांत चौघांनी असे काही झपाटून काम केले की एवढे काम त्यांनी आधी केले असते तर अहवालात लिहायला खरोखरच काहीतरी सापडले असते. चौथ्या दिवशी अपील छापून, पानोपानी सह्या-शिक्के होऊन, रंगीत स्कॅन होऊन ताईंच्या पडद्यावर आले.

"किती भरलं?" साहेबांनी विचारले.

"एकशे बारा."

"आणि त्यांना किती चालतं?"

"तेच साहेब. पाचाच्या आत."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. साध्या, सरळ, बिचाऱ्या सद्गृहस्थांनी पाहावे तसे पाहिले. ताईंनी घड्याळात बघून कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

"अण्णांना भरवून येते," त्या म्हणाल्या. "तोवर काय काढायचं ते तुम्ही आपसांत ठरवा."

अण्णांनी त्या दिवशी भाताला नावे ठेवली, वरणाला नावे ठेवली आणि ताट चाटूनपुसून संपवले. ताई परतल्या तेव्हा जिन्याच्या वळणावर अकाउंटंट उभे होते, वर दाराशी विक्रीप्रमुख होते, केबिनचे दार किलकिले होते आणि ताईंच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर काटेमास्तर बसलेले होते. प्रत्येकाला त्यांच्याशी फक्त दोन मिनिटे, जरा खासगी बोलायचे होते.